नाशकात फक्त वाईनचं छोटं दुकान: चालेल का, आणि चालावं का?

गोदाकाठ
माझं मत आधीच मांडतो, म्हणजे वाद नीट घालता येईल. नाशकात फक्त वाईन विकणारं एक छोटं दुकान हवं आणि ते चालू शकतं. मी ते काढायच्या तयारीत आहे.

मी इथल्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काही वर्षं काम केलं. रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची, शिराझ आणि कॅबरने या दोन लाल वाईनमधला फरक विचारून चार बाटल्या घेऊन जायची. नाशिककर मात्र हमखास विचारायचे, "हीच शहरात कुठे मिळेल?" मला धड उत्तर देता यायचं नाही. शहरातल्या वाईन शॉपचा सगळा धंदा व्हिस्की-रमवर. वाईनला एखादी फळी, तीही दोन-तीन मोठ्या ब्रँडांची, बऱ्याचदा रस्त्याकडच्या काचेमागे. मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकतं. त्या उन्हात महिनाभर ठेवलेली चेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घरी उघडली की माणूस म्हणतो, आपली वाईनच वाईट. दोष द्राक्षाचा नसतो, त्या फळीचा असतो.

सुला ही वायनरी १९९९ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झाला. वाईन तयार व्हायची सोय झाली. लहान वायनरीची बाटली गिऱ्हाइकापर्यंत पोचायची सोय मात्र राहून गेली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवू द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही.

परवान्याचं असं आहे. सगळं मद्य विकायचा एफएल-२ परवाना १९७० च्या दशकापासून नव्याने दिला जात नाही. जुना हस्तांतरित करून घ्यायचा तर बोलणी कोटींत. माझ्या आवाक्यात आहे तो बिअर शॉपीचा एफएल/बीआर-२, त्यावर बाटलीबंद बिअर आणि वाईन विकता येते. मी तो घेणार आणि बिअर ठेवणार नाही. लहान गाळा, दिवसरात्र एसी, ऊन आत येणार नाही अशी मांडणी, आणि जिल्ह्यातल्या लहान वायनरींचा माल. बोला.

जमाखर्च
तुमची कळकळ पोचली, पण हिशोब बसत नाही.

बिअरची पेटी आज आली की उद्या-परवा संपते, पैसे मोकळे होतात. वाईन तशी फिरत नाही. दहा वायनरींचे पाच-पाच प्रकार ठेवले, प्रत्येकाची बारा बाटल्यांची एक पेटी धरली, तर सहाशे बाटल्यांत पैसा अडकला. आणि आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, ठेवून त्यांची किंमत वाढत नाही. श्रावणात आणि नवरात्रात गिऱ्हाईक कमी, वर ड्राय डे. गाळ्याचं भाडं, एसीचं बिल आणि परवाना शुल्क यांना श्रावण नसतो.

याहून मोठी अडचण तुमच्याच अनुभवात आहे. टेस्टिंग रूममध्ये माणूस घोट घेतो, आवडलं की बाटली घेतो. दुकानात सीलबंद बाटली. चाखायला देता येणार नाही, मद्य म्हणून जाहिरातही करता येणार नाही. कधी नाव न ऐकलेल्या वायनरीची बाटली लोकांनी कशाच्या भरवशावर उचलायची? पहिला उन्हाळा गेला की तुम्ही बिअरचा फ्रीज आणाल. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, भाडं भरायचं असतं म्हणून म्हणतोय.

पेठेतला
नाशिकच का? इथे हौशी माणूस गाडी काढून सरळ वायनरीवर जातो. हे दुकान पुण्यात किंवा ठाण्यात काढा, तिथे खरी गरज आहे.

सिडकोतली_मीना
गोदाकाठ दादा, मी विरोधात आहे आणि कारण स्पष्ट सांगते.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर गाळे आहेत. तिथे असं दुकान आलं तर त्रास दुकानाच्या आत होत नाही, बाहेर होतो. पार्किंगमध्ये उभं राहून पिणं, रिकाम्या बाटल्या, संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुलींना वळसा घालून जावं लागणं. बिअर-वाईन २१ पूर्ण झालं की घेता येते, म्हणजे कॉलेजची मुलं आलीच. उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (बंद करा) यावर गावोगावी बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली, ती हौसेने नाही. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं, की सोसायटीच्या गाळ्यात नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ते आम्हाला हवंच होतं.

तुम्ही म्हणता, बिअर ठेवणार नाही. मी विश्वास ठेवते. पण आमची सही तुमच्या मनावर होत नाही, परवान्यावर होते, आणि परवान्यात बिअर आहे. तीन वर्षांनी तुम्ही थकलात आणि परवाना दुसऱ्याच्या नावावर गेला, तर तो काय विकेल?

दिंडोरीचा_बागाईतदार
एक विनंती. कोणी शेतकऱ्याचं नाव पुढे करून बोलू नका. २००८ नंतर मंदी आली तेव्हा वायनरींचा उठाव थांबला. आमचा माल एका वायनरीशी करारावर होता, तिने गाडी पाठवणं बंद केलं. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, साल जाड. थॉमसन या खायच्या द्राक्षासारखं मार्केटला नेता येत नाही. या भागात कितीतरी जणांनी बागा तोडल्या, आम्हीही तोडली. तेव्हा आमच्या बाजूने बोलायला कोणी आलं नव्हतं.

तरी दुकानाला माझा पाठिंबा आहे. लहान वायनरीची बाटली विकली गेली तरच ती पुढच्या हंगामात द्राक्ष घेईल. फक्त उधारी ठेवू नका. दुकानदाराने वायनरीचे पैसे थकवले की वायनरी आमचे थकवते.

गोदाकाठ
काका, रोखीनेच घेईन. म्हणूनच कमी माल ठेवणार आहे.

जमाखर्च, सहाशे बाटल्यांचा हिशोब बरोबर आहे, म्हणून पन्नास प्रकार ठेवणारच नाही. पंधरा-वीस ठेवीन आणि हंगामाप्रमाणे बदलीन. चाखायला देता येत नाही, पण सांगता येतं. मटणाच्या रश्शाबरोबर काय, पापलेटबरोबर काय, उघडलेली बाटली फ्रीजमध्ये किती दिवस टिकते, हे कोणी समजावून सांगितलं तर नवखा माणूस बाटली घेतो, हे मी रोज पाहिलंय. शिवाय जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं, म्हणजे व्हिस्की-रम वगैरेंचं, उत्पादन शुल्क वाढलं, बिअर आणि वाईनचं नाही. व्हिस्की आणि वाईन यांच्या किमतीतलं अंतर बदललंय. मला तिथे जागा दिसते.

पेठेतला, वायनरीवर माणूस वर्षातून दोनदा जातो. मला शनिवारी घरी जेवायला पाहुणे येणार म्हणून एक बाटली नेणारा हवाय.

मीनाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे. गाळ्याच्या भाडेकरारात अट घालीन: बिअर विकली किंवा परवाना दुसऱ्याच्या नावावर केला, तर करार त्या दिवशी संपला. गाळामालक तयार आहेत.

जमाखर्च
वीस प्रकार म्हणालात तर आकडा थोडा जवळ येतो. तरी पहिल्या दोन वर्षांचं भाडं हातात असल्याशिवाय गाळ्याला हात लावू नका.

सिडकोतली_मीना
दादा, तो करार तुमच्यात आणि गाळामालकात. उद्या दोघांनी मिळून अट काढली तर आम्हाला कळणारही नाही. सोसायटीला त्या करारात पक्षकार करा, आमच्या संमतीशिवाय अट बदलता येणार नाही असं लिहा, आणि समोर उभं राहून प्यायला मनाई कोण करणार तेही लिहा. तो मसुदा आलात घेऊन, तर सभेपुढे मी स्वतः ठेवेन. तोपर्यंत माझी सही नाही.