सेवा करत गप्प राहायचं, की हिशोब मागायचा?

नगरची सून
सर्वांना जय ख्रिस्त. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आमची लहानशी मंडळी. लग्न होऊन आले तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी चर्च झाडायचं, सतरंज्या घालायच्या, प्रभुभोजनाचे प्याले धुऊन पुसून ठेवायचे हे काम माझ्याकडे आहे. मला ते मनापासून आवडतं. प्याले पुसताना मी एकेका घराचं नाव घेऊन प्रार्थना करते.

सुगीच्या सणाला लोक बाजरी, तूर, अंडी, कोंबड्या, भोपळे आणतात. उपासना झाली की लिलाव होतो आणि त्यातला काही पैसा गरीब फंडात जाणार असं दरवर्षी सांगतात. यंदा मंडळीतली एक विधवा आजारी पडली. मदत मागायला गेली तर म्हणे फंडात काहीच नाही. मी हिशोब विचारला. चर्चचा कारभार पाहणारे एक वडीलधारे पंच म्हणाले, "बाई, तुम्ही नम्रपणे सेवा करा. न्याय करायला देव बसलाय." वर बायबलातलं 'सूड घेऊ नका' हे वचन, रोमकरांस १२:१९, वाचून दाखवलं.

पैसे कुठे गेले मला ठाऊक नाही, म्हणून मी कुणावर आळ घेत नाही. पण त्या बाईच्या औषधाचं काय? नम्र सेवकाने विचारायचंच नाही, असं प्रभूने कुठे सांगितलंय का?

निवृत्त सिस्टर, मिरज
ताई, तुमची तळमळ कळते. मी वॉर्डात आयुष्य काढलं. लूक १७:१० वाचा: सगळं केल्यावरही 'आम्ही निरुपयोगी दास' असंच म्हणायचं आहे. आणि योहान १३ मध्ये प्रभूने त्याला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याचेही पाय धुतले. तो काय करणार हे माहीत असून धुतले. त्या पंचांबद्दल मनात कडूपणा धरू नका. त्याने आधी तुमचीच प्रार्थना सुकेल. त्या बहिणीच्या औषधाचं आपण काही तरी करू, मला मेसेज करा.

संडेस्कूलचा मास्तर
सिस्टरांच्या शब्दाचा मान ठेवून सांगतो, योहान १३ च्या आधी योहान १२ आहे. बेथानीत मरियेने सुगंधी तेल ओतलं तेव्हा यहूदा म्हणाला, हे विकून गरिबांना का दिलं नाही? योहान तिथेच लिहितो की त्याला गरिबांची काळजी नव्हती, शिष्यांच्या पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतले पैसे चोरत असे. पाय धुतले त्याच शुभवर्तमानात थैलीची गोष्टही उघड लिहिली आहे. तुमचे पंच तसे आहेत असं मी म्हणत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की प्रीतीपायी योहानाने ते झाकून ठेवलं नाही.

रोमकरांस १२:१९ सूड घेऊ नका म्हणतं. हिशोब मागणं हा सूड नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहा: रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही. वाटणी पाहायला सात जण नेमले. पुढे हुतात्मा झालेला स्तेफन त्यांतलाच. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवला, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). पौलाला साक्षीदार हवा वाटला, तर आपल्या पंचांना त्यात अपमान का वाटावा?

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून सांभाळल्या. त्याच १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात पत्र लिहून मांडलं. सरकारला ते झोंबलं. मुली सांभाळणारी आणि पत्र लिहिणारी बाई एकच होती.

पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्या. कुणाचं नाव घालू नका. वर्षाचा जमाखर्च उपासनेनंतर मंडळीपुढे वाचावा, एवढंच मागा.

नगरची सून
सिस्टर, मेसेज केला आहे. मास्तर, कृत्ये ६ मी लहानपणापासून ऐकलंय, पण ते कुरकुरीपासून सुरू होतं हे कधी कुणी दाखवलं नव्हतं. अर्ज लिहिते. त्या पंचांच्या घराचं नावही प्रार्थनेत घेत राहीन, ते सोडवत नाही. भगिनी मंडळातल्या दोघी सही करायला तयार आहेत. आमच्या तिघींच्या सह्या पुरतील, की एखाद्या पंचाचीही घ्यावी?

संडेस्कूलचा मास्तर
तिघींच्या पुरेत. तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा.