हरलेला सामनाच माणसाला चाहता करतो का?

माळ्यावरची बॅट
आज ऑफिसात विषय निघाला, लोक एखाद्या खेळाडूसाठी इतके वेडे का होतात? सगळ्यांचं उत्तर एकच : तो जिंकून देतो म्हणून. मला हे पटत नाही.

मी सचिनचा झालो ३१ जानेवारी १९९९ला. चेन्नई कसोटी, पाकिस्तान. हव्या होत्या २७१ आणि ८२ धावांत आपले पाच गेले. मग सचिन आणि यष्टिरक्षक मोंगियानं १३६ची भागी केली. सचिनची पाठ भरून आली होती, धड उभं राहवत नव्हतं. स्वतःच्या १३६वर फिरकीपटू सकलेनला उंच मारायला गेला आणि अक्रमनं झेल घेतला. तेव्हा १७ धावा उरल्या होत्या. शेवटचे तिघं चार धावांत गेले, आपण १२ धावांनी हरलो. बाबांनी टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. अंधार पडल्यावर परतले. मी आठवीत होतो. जिंकलो असतो तर फटाके वाजवून मोकळा झालो असतो. त्या दिवसापासून मात्र सचिन आमच्या घरातला झाला.

स्क्वेअरलेग
भावना पोचली, पण कारण उलटं लावताय. त्या दिवशी पाय सरकवून खेळलेली सकलेनची फिरकी, तो स्ट्रेट ड्राइव्ह, हे नसतं तर पाठदुखीचं कौतुक कोणी केलं असतं? मोंगियानंही ५२ केल्या, तोही हरला. त्याचे चाहते किती? आणि चेपॉकच्या, म्हणजे चेन्नईच्या त्याच मैदानावरच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्यांचं प्रेम खेळावर होतं.

कोयनाकाठ
दोघंही टीव्ही विसरताय. १९९१ नंतर केबल आली, १९९५मध्ये वर्ल्डटेल कंपनीनं सचिनशी कोट्यवधींचा करार केला, मग बिस्किटापासून बुटापर्यंत तोच दिसू लागला. रोज दिसणारा माणूस घरातलाच वाटणार. आणि एवढी भक्ती होती, तर मार्च २००६मध्ये इंग्लंडविरुद्ध तो एका धावेवर बाद झाला तेव्हा वानखेडेवर, त्याच्याच गावात, हुर्यो का उडाली?

माळ्यावरची बॅट
कोयनाकाठ, माझा मित्र त्या हुर्यो करणाऱ्यांत होता. नोव्हेंबर २०१३मध्ये सचिन खेळपट्टीला नमस्कार करून निघाला तेव्हा हाच मित्र फोनवर हुंदके देत होता. जाहिरातीतल्या माणसासाठी असं कोणी रडत नाही. स्क्वेअरलेग, शारजातली वाळूच्या वादळाची रात्र आठवा. २२ एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन १४३. तो सामनाही आपण हरलोच होतो, फक्त अंतिम फेरी मिळाली. दोन दिवसांनी १३४ करून अंतिम सामना जिंकला, तरी लोक गोष्ट सांगतात ती वादळाची.

स्क्वेअरलेग
हा मुद्दा मानला. तरी १४३ आधी करावे लागतात.

हळदीचं शिवार
आम्ही सांगलीचे. २३ जुलै २०१७, लॉर्ड्स, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. आमची डावखुरी स्मृती मानधना शून्यावर बाद झाली. २२९ हव्या असताना तीन बाद १९१ होतो, तरी नऊ धावांनी हरलो. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाली, "मला डाव्या हातानं खेळायला शिकव." ती उजवी आहे. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलो, तेव्हा ती पंधराची होती आणि मला बिलगून रडली. फलंदाजी अजून डाव्यानंच करते.