परसातली धामण: राहू द्यायची की हलवायची?

केळीबाग (यावल)
माझं मत सरळ आहे. परसात धामण दिसली तर सर्पमित्राला फोन करू नका, राहू द्या तिला. बिनविषारी आहे, उंदीर खाते. ती सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडली तरी उंदीर तुमच्याकडेच राहतात आणि रिकाम्या बिळात दुसरा साप येतो. तो धामणच असेल याची हमी कोण देणार?

पऱ्हाटी (अमळनेर)
भाऊ, अर्धंच सांगितलंत. ज्या उंदरांसाठी धामण येते त्यांच्यासाठी नागही येतो. एक आहे म्हणून दुसरा फिरकत नाही, असं काही नसतं.
आणि ओळखणार कोण? मण्यार आणि कवड्या घ्या, दिसायला सारखे, पण मण्यार जहरी आणि कवड्या बिनविषारी. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, डोक्यामागे बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासूनच सुरू, शेपटीकडे पुसट. वाचायला सोपं आहे. पण लाइट गेलेली, मोबाईलच्या उजेडात मोरीपाशी काहीतरी वळवळतंय, तेव्हा पट्टे कोण बघत बसतो? घरात पोरं असतील तर दिसेल तो साप हलवाच.

धाब्याचं घर (शिंदखेडा)
तुम्ही दोघं साप धरून बसलात, सरपणाची रास कुणीच बघेना. कापूस संपला की पऱ्हाट्या घराच्या भिंतीला टेकवून रचतात, शेजारीच गोवऱ्या. उंदरांना घर, सापांना सावली. रास भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब, विटांच्या टेकूवर दीड फूट उंच रचा, म्हणजे खालून आरपार दिसतं. सरपण काढताना आधी काठीनं हलवा. खाली थेट हात घातला की घोणस किंवा फुरसं चावतं ते बोटालाच.
मोरीच्या तोंडाला 6 मिमीपेक्षा बारीक भोकाची लोखंडी जाळी, दाराखाली रबरी पट्टी. वांगी-मिरचीभोवती नायलॉनची मासेजाळी मात्र नको. साप पुढं घुसतो, खवले मागं वळलेले असल्यानं मागं येता येत नाही, अडकून मरतो. बिचारी घोरपडही त्यातच सापडते.

नवी बाग (जळगाव)
फिनाइल-गंधक टाकलं तर? सर्पगंधा लावली तर?

धाब्याचं घर
पैसे वाया. सर्पगंधेच्या फक्त नावात साप आहे.

केळीबाग
मण्यार, घोणस, नाग, फुरसं हलवायचे, यात वाद नाहीच. वनविभागाचा 1926 नंबर आहे. मारायचं मात्र नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. माझा आग्रह धामण, दिवड, डुरक्या या बिनविषारी सापांपुरता.

पऱ्हाटी
डुरक्या म्हणून लोक घोणशीलाच हात लावतात, तेही लिहा! घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठिपक्यांचे तीन पट्टे असतात आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड.
आणि मण्यारीचं राहिलंच. उन्हाळ्यात लोक अंगणात जमिनीवर झोपतात, तेव्हा ती रात्री चावते. दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे पित्ताची गोळी देतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. पापण्या जड दिसल्या तर खूण शोधत बसू नका, 108 लावा.

केळीबाग
हे पटलं. धामणीवर मात्र मी ठाम आहे.