‘पंढरपूर’ म्हटलं की माईकवर स्फोट होतो

बेसूर_बाळ:
घरी अभंग रेकॉर्ड करतोय. खोली १० बाय १२, मोठ्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा, कंडेन्सर माईक, तोंडापासून चार बोटांवर. पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी कापडी जाळी) माईकला चिकटवलाय. तरी ‘पंढरपूर’, ‘भीमा’ आलं की कुणीतरी गादी धोपटल्यासारखा आवाज येतो. माईक लांब नेला तर विठ्ठल न्हाणीघरात उभा! आवाज बोदा, ‘स’ आणि ‘श’ गायब, गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) जवळपास फुल. नेमका कुठे ठेवू?

वीतभर:
चार बोटांवर गाणं होत नाही, कुजबुज होते. एक वीत ठेवा, १८-२० सेंमी. कार्डिऑइड जवळ आला की खर्ज फुगतो. तो रियाजाने कमावलेला नसतो, प्रॉक्झिमिटी इफेक्ट असतो.

पॉप फिल्टर माईकपासून ७-८ सेंमी पुढे घ्या. हवेचा झोत कापडातून गेल्यावर विखुरायला जागा लागते. चिकटवलेला फिल्टर फक्त थुंकी अडवतो.

मुख्य गोष्ट म्हणजे ‘प’ची हवा नाकासमोर सरळ चालते आणि आवाज गावभर पसरतो. म्हणून माईक नाकाच्या उंचीवर, २०-३० अंश बाजूला घ्या, रोख मात्र ओठांकडेच. त्याहून उंच नको, मान वर गेली की गळा आवळतो.

पेटीवाला:
उरलेला धक्का ८० हर्ट्झच्या हाय-पासने, म्हणजे त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने, जाईल. पुरुषाची पट्टी काळी एक असेल तर मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम साधारण १०४ हर्ट्झवर येतो. फिल्टर १५० वर नेलात तर स्फोटाबरोबर पंचमही वारीला जाईल.

कोपरा_नको:
न्हाणीघराचं कारण: अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. लोक माईकच्या मागे फोम लावून खूश होतात. कार्डिऑइडला पाठीमागचं कमीच ऐकू येतं. त्याच्यासमोर असते ती तुमच्या पाठीमागची भिंत. जाड रजई तिथे टांगा, भिंतीपासून १० सेंमी सोडून. उभे राहा ते कोपऱ्यात नको आणि खोलीच्या बरोब्बर मध्येही नको. पंखा बंद. घाम आला तर भक्तिरस समजा.

एक शंका. गेन फुल आणि ‘स’ गायब, हे नुसतं अंतराचं दुखणं वाटत नाही. माईकवरचं कंपनीचं नाव कुठल्या दिशेला आहे?

बेसूर_बाळ:
भिंतीकडे. व्हिडिओत नाव दिसायला नको म्हणून.

कोपरा_नको:
म्हणजे इतके दिवस भिंत गात होती. टोकाकडून नव्हे तर बाजूने गायच्या बहुतेक माईकांत नावाची बाजू हीच पुढची बाजू असते. कार्डिऑइडची हृदयासारखी खूण असेल तर तीही बघा. व्हिडिओसाठी नावावर चिकटपट्टी लावा, पण जाळीवर नको. फिरवण्याआधी गेन खाली आणा, नाहीतर हेडफोनमध्ये माउली थेट कानाखाली वाजवेल. सगळ्यात चढ्या तानेला पीक (रेकॉर्डिंगच्या मीटरवरचं सर्वोच्च टोक) उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा.

पेटीवाला:
आणि टाळ हातात घेऊन गाणार असाल तर वरचं सगळं विसरा. माईक कुठेही ठेवा, टाळच रेकॉर्ड होणार. त्याचा ट्रॅक वेगळा.