परीक्षण अहवालात आक्षेप आले म्हणजे पेटंट नाकारले असे समजावे का?

प्रश्न (शेती अवजारे, निफाड)
कांद्याच्या रोपांची लागवड करणाऱ्या आमच्या यंत्राच्या अर्जावर मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल आला आहे. चिमटा, साखळी आणि माती दाबणारी चाके हे सर्व भाग आधीपासून ज्ञात असून त्यांची ही केवळ जुळवाजुळव आहे, असा पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) खाली आक्षेप आहे. वास्तविक मातीवर चाकाचा दाब बसल्याशिवाय आमचा चिमटा रोप सोडतच नाही. परीक्षकांनी यंत्र पाहिलेलेही नाही. पुढे जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर (पेटंट एजंट, मुंबई)
आक्षेपांशिवाय आलेला अहवाल क्वचितच पाहायला मिळतो, त्यामुळे याला नकार समजू नये. परीक्षक यंत्र पाहत नाहीत. ते स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जासोबतचे शोधाचे लेखी वर्णन, आणि त्यातील क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा हे सांगणारी विधाने, वाचतात. शोधक आमच्यासमोर बसतो तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या भागांविषयी भरभरून बोलतो, पण ज्या गोष्टीसाठी त्याने खस्ता खाल्लेल्या असतात ती एव्हाना इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगावी असे त्याला सुचतच नाही. आपणही दाब बसल्यावर चिमटा उघडतो हे ओघात लिहून गेलात. कलम ३(एफ) मात्र ज्ञात साधने एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करतात तेव्हाच लागू होते, आणि इथे चिमटा चाकावर अवलंबून आहे. ही रचना मूळ स्पेसिफिकेशनमध्ये आहे का, ते आधी पाहावे. नसेल तर कलम ५९ मुळे आता नव्याने घालता येणार नाही. अहवालाच्या तारखेपासून ६ महिन्यांत उत्तर द्यायचे असते आणि वेळेत विनंती केल्यास मुदतवाढ मिळू शकते.

उत्तर (लघुउद्योजक, सांगली)
पेटंट हाती आले तरी शेजारच्या तालुक्यातला फॅब्रिकेटर यंत्र उघडून तसेच बनवतो आणि पेटंट कार्यालय त्याला जाब विचारायला जात नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. खर्च करण्यापूर्वी याचाही विचार व्हावा.

पेटंट एजंट, मुंबई
हे खरे आहे. कार्यालय हक्क देते. तो बजावण्यासाठी पेटंटधारकालाच जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून तर क्लेममधले शब्द जपून निवडावे लागतात. ‘रबराचा चिमटा’ असे लिहिले तर नक्कल करणारा नायलॉनचा बसवून पळवाट काढू पाहतो. अर्जाचे शासकीय शुल्क व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपयेच असते. खरा खर्च हे शब्द बसवण्याचा आणि पुढच्या कोर्टकचेरीचा.

प्रश्नकर्ता
ही रचना वर्णनात आणि चौथ्या आकृतीत आहे. क्लेममध्ये मात्र ‘रोप सोडणारा चिमटा’ एवढेच आहे.

पेटंट एजंट, मुंबई
मग पहिला क्लेम त्या रचनेपुरता मर्यादित करून घ्यावा. असा बदल कलम ५९ मध्ये बसतो. लागवडीच्या पद्धतीवर वेगळा क्लेम असल्यास तो काढावा, कारण शेतीच्या पद्धतीला कलम ३(एच) नुसार पेटंट मिळत नाही. सुनावणी लागलीच तर ती व्हिडिओ कॉन्फरन्सने होते. त्या वेळी एजंटाबरोबर आपणही हजर राहावे. चिखलात चाक दबल्यावर चिमट्याचे काय होते असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर आपणच देऊ शकाल.