विषय: गावच्या घराचा ड्राइव्हवे पावसाआधी (डिचोली)

प्रेषक: न्यू जर्सीहून, घर डिचोली

नमस्कार मंडळी,
आपल्या मेलिंग लिस्टवर निम्मेअधिक लोकांची गोव्यात घरं आहेत आणि जूनपासून सगळेच केअरटेकरला फोन करकरून हैराण करतात, म्हणून इथेच विचारतो. डिचोलीच्या घरी गेटपासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत आणि गेटजवळ चढाचा तुकडा काँक्रीटचा. आत्ता फोटो आलेत. ब्लॉक दोन्ही चाकांच्या रेषेत दबलेत, काँक्रीटला मधोमध आडवी चीर गेलीय आणि फणसाखालचा भाग हिरवागार. भाऊ म्हणतो सगळं काढून डांबर कर, शेजारी म्हणतात ब्लॉकवरच काँक्रीट ओत, आणि ज्या माणसाकडून कोटेशन घेतलं तो म्हणतो नुसता सीलर (पाणी अडवणारा लेप) मारूया साहेब, दहा वर्षं बघायला नको. चवथीला आम्ही सगळे येतोय, आईला वॉकर आहे, घसरायला नको एवढंच बघायचंय. कुणाचं ऐकू?

---

प्रेषक: एडिसनहून

दादा, इथे न्यू जर्सीत आपण काय करतो, दोन-तीन वर्षांनी थंडीच्या आधी चिरा भरतो आणि सीलकोट मारतो, माझा ड्राइव्हवे वीस वर्षं जुना आहे आणि अजून काळाभोर. तिथेही तेच करायचं, फक्त थंडीच्या जागी पावसाच्या आधी. भावाचं बरोबर आहे, डांबर करून टाक.

---

प्रेषक: पर्वरीहून (इंजिनीयरकाका)

अरे बाबांनो, थांबा जरा. जर्सीतला ड्राइव्हवे आणि डिचोलीतला ड्राइव्हवे, दोघांचे आजार वेगळे. तिकडे चिरेत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि चीर रुंद करतं, वर पुन्हा बर्फ वितळवायला मीठ टाकता, म्हणून तिकडे वरून बंद ठेवण्याला महत्त्व. गोव्यात गोठायचा प्रश्नच नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तुमच्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या दुप्पट-अडीचपट पाणी चार महिन्यांत. ते पाणी वरून काही करत नाही, ते खाली जाऊन बसतं, भराव मऊ करतं, आणि मग त्यावरून गाडी गेली की चाकाची रेष उमटते. म्हणजे ब्लॉक चांगलेच असणार, बसलीय ती खालची जमीन. त्यावर सीलर मारून काय होणार?

आधी मला तीन गोष्टी कळवायच्या. एक, गेटखालून रस्त्याच्या गटाराचा जो पाइप जातो तो साफ आहे का? आपल्याकडे गेट करताना गटारावर ह्यूम पाइप (काँक्रीटचा मोठा पाइप) टाकून वर स्लॅब घालतात आणि नंतर त्या पाइपात कोणी डोकावत नाही. फणसाची पानं, चुडतं, प्लास्टिक अडकलं की रस्त्याचं पाणी उलटं आपल्या आवारात येतं. दोन, पोर्चच्या कौलांच्या पागोळ्या कुठे पडतात? ड्राइव्हवेच्या कडेवर पडत असतील तर तिथे रेघेने खड्डे पडलेले दिसतील आणि त्या रेघेतून पाणी ब्लॉकच्या खाली जातं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचा टँकर आत येतो का? दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, गाडीचं वजन वेगळं. घरच्या कारसाठी घातलेले ६० मिलिमीटरचे ब्लॉक त्याला पुरत नाहीत, जड गाडीला ८० लागतात आणि खालचा खडीचा थरही तसाच जाड लागतो. एकदा बांधकामाच्या वेळी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक आत आला असेल तर तेवढ्यानेही काम झालं असेल.

डांबराबद्दल. हॉटमिक्स, म्हणजे डांबर-खडीचं गरम मिश्रण, साधारण दीडशे डिग्रीला तयार होतं आणि गार व्हायच्या आत अंथरून रोलर फिरायला लागतो. चार गाड्यांच्या जागेसाठी प्लांटवरून कोण माल आणणार? मिळतो तो रस्त्याच्या कामातला उरलेला, येईपर्यंत अर्धा गार झालेला, हाताने थापलेला. एका पावसात खडी मोकळी. शिवाय खाली पाणी तसंच राहणार. ब्लॉकवर काँक्रीट ओतायचं तर विसराच, खालचा भराव हलतोय तोवर वरची स्लॅब फुटणारच, आणि मग दुरुस्तीला ब्लॉक उचलता येतात तसं ती उचलताही येणार नाही.

---

प्रेषक: फोंड्याहून (काकू)

काकांनी सगळं सांगितलंच, मी फक्त हिरव्याचं सांगते कारण वॉकरचं वाचून जीव धसकला. शेवाळावर अ‍ॅसिड मुळीच ओतू नको, बाजारात बाथरूम साफ करायला मिळतं ते, लोक सर्रास ओततात, पांढरं स्वच्छ दिसतं म्हणून. ते सिमेंट खातं, वरचा थर खरखरीत होतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरतं. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर घ्यायची, बादलीत कालवून रात्रभर ठेवायची, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून शेवाळावर शिंपडायचं, अर्ध्या-पाऊण तासाने माडाच्या हिरांच्या खराट्याने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. कोरड्या दिवशी कर, नाहीतर पाऊस सगळं धुऊन नेतो. हातमोजे घालायला सांग, आणि झाडांच्या मुळाशी ते पाणी जाऊ देऊ नको. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो, आमच्याकडे कामवाल्या बाईला हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

पण खरं औषध ऊन. फणसाच्या खालच्या दोन फांद्या उतरवल्या तरी फरक पडेल. भाऊ म्हणेल फणस तोडायचा नाही, नका तोडू, फांद्या म्हणतेय मी.

तांबडे डाग राहिले तर घासत बसू नका, आपल्या मातीतच लोह आहे, ते जात नाहीत.

---

प्रेषक: एडिसनहून

काका, मान्य, मी माघार घेतो 🙂 पण प्रेशर वॉशर तर चालेल ना? इथून चवथीला येताना नोझल आणतो, भावाकडे पंप आहे.

---

प्रेषक: पर्वरीहून

चालेल पण ब्लॉकवर जपून. सांध्यातली वाळू हीच ब्लॉकना एकमेकांत अडकवून धरते, एका ब्लॉकवरचं वजन शेजाऱ्याला देते. वॉशरचा बारीक झोत सांध्यात धरला की ती वाळू उडून जाते आणि मग मुंग्या आणि गवत. रुंद झोत, तिरका, हातभर लांबून, आणि धुऊन सुकल्यावर पुन्हा बारीक कोरडी वाळू झाडून भरायची. हे एक काम दर वर्षी मे महिन्यात केलं तरी पेव्हर कितीतरी टिकतात, पण यात कंत्राटदाराला काही मिळत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

---

प्रेषक: न्यू जर्सीहून, घर डिचोली

काका, काकू, थँक्यू. केअरटेकरने व्हिडिओ पाठवलाय. पाइप निम्म्याहून जास्त भरलेला, आत नारळाची सोडणं आणि एक चप्पलसुद्धा. पागोळ्या थेट ब्लॉकच्या कडेवर पडतात, तुम्ही म्हणता तशी रेघ आहे, बोटभर खोल. आणि टँकर येतो, एप्रिल-मेमध्ये जवळपास दर आठवड्याला, टाकी मागे आहे म्हणून थेट पोर्चपर्यंत. काँक्रीटच्या चिरेत नाणं उभं जातं पण दोन्ही बाजू एकाच पातळीला आहेत. आता क्रम सांगा, बजेट मर्यादित आहे.

---

प्रेषक: पर्वरीहून

क्रम हाच की आधी पाण्याची वाट. पाइप साफ करून घे, आणि गेटच्या दोन्ही बाजूंना गटारात पानं अडवायला जाळी बसव, जाळी हाताने उचलता येईल अशी, नाहीतर तीच तुंबते. पागोळ्यांना पन्हळ लावून पाइपने पाणी मागच्या माडांकडे सोड. पन्हळ नको असेल तर त्या रेघेतले ब्लॉक काढून हातभर रुंद पट्टा खडीचा कर, पाणी पडलं की खालच्या खाली मुरून बाजूच्या चरात जाईल. चर मात्र पाहिजे.

मग दबलेली जागा. बघ, इथे मिस्त्री लोक काय करतात ते सांगतो म्हणजे समोर उभा राहून थांबवता येईल. ब्लॉक काढतात, खड्डा दिसतो, त्यात वाळू ओततात, पातळी आली की ब्लॉक ठेवतात, संध्याकाळी मस्त दिसतं. पुढच्या पावसात तिथेच खड्डा. ब्लॉकखालची वाळू दोन-चार सेंटिमीटरच असायला पाहिजे, फक्त बसवायला. खड्डा भरायचा तो खडी आणि मुरुमाने, आधी मऊ झालेली माती पूर्ण काढून, लागेल तेवढं खोल जाऊन, मग दहा-दहा सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर किंचित ओला करून मशिनने ठोकायचा. मशिन नाही म्हणाले तर भाड्याने मिळतं, हाताच्या धुम्मसने एवढं काम नीट होत नाही. उतार दर मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून लांब. कडेला ब्लॉकना अडवणारी काँक्रीटची कड नसेल तर ती आधी घाल, कड नसली की ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. ब्लॉक जुनेच वापर, फुटलेले तेवढे बदल.

काँक्रीटची चीर. तो चढ किती लांब आहे माहीत नाही पण दहा सेंटिमीटर जाड स्लॅबला साधारण तीन मीटरवर सांधा कापावा लागतो, नाही कापला तर काँक्रीट स्वतःच जागा शोधून फुटतं. तुझं तेच झालंय आणि पातळी एकच आहे म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. फक्त त्यात सिमेंट भरू नकोस, ते कडक असतं, ऊन-पावसाने स्लॅब आकसली की पुन्हा सुटतं. चीर साफ कर, पूर्ण कोरडी होऊ दे, खाली फोमची दोरी दाब आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भर, रबरासारखं राहतं. हे मेमध्येच, पहिल्या सरीनंतर नाही.

सीलरवाल्याला विचार की तो काय मारणार. चकचकीत अ‍ॅक्रिलिक असेल तर चढावर नकोच, पावसात आई काय, तू पण घसरशील, आणि इथल्या दमटपणात खालून ओल येऊन तो पांढरा पडून सुटतो. मारायचाच असेल तर आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्सेनवाला, पण तो शेवटी, पैसे उरले तर. मी उरलेल्या पैशात टँकरचं बघितलं असतं.

---

प्रेषक: फोंड्याहून (काकू)

टँकरचं आमच्याकडे असं केलंय. गेटच्या आतल्या भिंतीलगत एक जाड पाइप जमिनीखालून मागच्या टाकीपर्यंत टाकलाय, तोंड गेटजवळ, वर टोपण. टँकर रस्त्यावरच उभा राहतो, त्याचा पाइप जोडतो, पंप चालू, झालं. टँकरवाल्यालाही बरं वाटतं, रिव्हर्स नको. फक्त टोपणाला कुलूप लाव, मुलं दगड टाकतात.

---

प्रेषक: न्यू जर्सीहून, घर डिचोली

काकू, हे सगळ्यात बेस्ट! भावाला दोन्ही मेल फॉरवर्ड केल्या, तो आधी रुसला (डांबर गेलं ना), पण आता खडीवाल्याशी बोलतोय. काका, एक शेवटचं, चढावर खराट्याच्या रेघा आता मारता येतील का, वॉकरसाठी? का नवीन काँक्रीटलाच जमतं?

---

प्रेषक: पर्वरीहून

रेघा ओल्या काँक्रीटलाच. आता मशिनने आडव्या खाचा कापून मिळतील, चाकाला आणि पायाला दोन्हीला पकड येते. पण वॉकरचे पाय खाचेत अडकायला नकोत, म्हणून अरुंद कापायला सांग आणि एका बाजूला हातभर रुंद पट्टा सपाट सोडून रेलिंग लाव. रेलिंगचं माप आईच्या उंचीने घे, फॅब्रिकेटर स्वतःच्या उंचीने लावतात.