रिसीव्हर सिरियलवर लगेच बोलतो पण प्रोजेक्टर काहीच उत्तर देत नाही, केबल तर ठीक आहे

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, सांगलीत घराच्या वरच्या खोलीत थिएटर केलंय, डेनॉनचा रिसीव्हर आणि एप्सनचा प्रोजेक्टर. दोन्हीला मागं नाईन पिनचा आरएस-२३२ (सिरियल) पोर्ट आहे म्हणून आत्ता लॅपटॉपवरून आणि पुढं रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवरून दोन्ही एकदम चालू-बंद करायचा विचार आहे, आईला इतके रिमोट जमत नाहीत आणि तेवढ्यासाठी ती पिक्चर बघायचंच टाळते. यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर आहे, कमांड टाइप करायच्या पुट्टी प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. रिसीव्हरला छोटी केबल लावली, पी-डब्ल्यू-ओ-एन टाइप करून एंटर मारलं की लगेच चालू होतो, आवाजही कमीजास्त होतो. प्रोजेक्टरला तसलीच लांब केबल आहे, साधारण १२ मीटर, फॉल्स सिलिंगमधून नेलेली, तिथं मात्र काहीच येत नाही, साधी एररसुद्धा नाही. प्रोजेक्टरचा पोर्ट मेल (पिना असलेला) आहे म्हणून त्या टोकाला जेंडर चेंजर लावलाय. केबल तुटली असेल असं वाटून प्रोजेक्टरच्या टोकाला २ आणि ३ नंबरची पिन शॉर्ट करून बघितली तर टाइप केलेली अक्षरं बरोबर परत आली, म्हणजे केबल ठीक. मग पोर्टच गेलाय का? सिलिंग खोलायची वेळ येऊ नये एवढंच.

सातारकर_ऑडिओ:
पुट्टीत फ्लो कंट्रोल (डेटा थांबवायची-सोडायची सोय) नन केलंय का बघा, डिफॉल्टला एक्सऑन-एक्सऑफ असतं. आणि कमांड पी-डब्ल्यू-आर, मग स्पेस, मग ओ-एन अशी पाहिजे, रिसीव्हरची कमांड प्रोजेक्टरला चालत नाही. रिसीव्हर चालतोय म्हणजे कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर बरोबर आहेत, तिकडं वेळ घालवू नका.

कुपवाड_मेंटेनन्स:
दादा, पोर्ट गेला म्हणून लगेच प्रोजेक्टर उतरवू नका. मी एमआयडीसीत सीएनसी मशीनचं मेंटेनन्स बघतो, आमच्याकडं प्रोग्रॅम अजून आरएस-२३२ वरूनच जातात त्यामुळं ह्या केबली रोजच्याच आहेत. तुम्हाला जेंडर चेंजर लावायला लागला तिथंच खरी खूण आहे. रिसीव्हरचा पोर्ट फिमेल, तो सरळ केबलवर चालतो, २ ला २ आणि ३ ला ३. प्रोजेक्टरचा पोर्ट मेल आहे म्हणजे तो लॅपटॉपच्या बाजूसारखाच वायर केलेला, दोघंही ३ नंबरवर बोलतात आणि २ नंबरवर ऐकतात. मग सरळ केबल लावली की दोघं एकाच तारेवर बोलणार आणि ऐकायच्या तारेवर कोणीच नाही. जेंडर चेंजर फक्त मेलचं फिमेल करतो, तारा अदलाबदल करत नाही.

आता तुमची शॉर्ट करायची टेस्ट. ती टेस्ट चांगली आहे पण ती सरळ केबलवरही पास होते आणि क्रॉस केबलवरही (२ ला ३ आणि ३ ला २) पास होते, कारण २ आणि ३ जोडल्यावर कुठली तार कुठं गेली ह्यानं काही फरकच पडत नाही. तिनं फक्त दोन तारा अखंड आहेत एवढं कळतं. ५ नंबरची ग्राउंडची तार तर तिच्यात तपासलीच जात नाही, ती तुटलेली असली तरी अक्षरं परत येतात. म्हणून मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा, केबल काढा आणि प्रोजेक्टर चालू करून त्याच्या पोर्टवर काळी प्रोब ५ ला आणि लाल प्रोब आधी २ ला मग ३ ला लावा. ज्या पिनवर मायनस ५ च्या पुढं काहीतरी स्थिर दिसेल ती त्याची बोलायची पिन, दुसरीवर शून्याच्या आसपास येईल. तसंच कन्व्हर्टरवर बघा. दोन्हीकडं मायनस ३ नंबरवरच आला तर केबल क्रॉस पाहिजे हे नक्की, आणि पोर्ट जिवंत आहे हेही तिथंच कळतं. सिलिंग खोलायची गरज नाही, जेंडर चेंजर काढून त्या जागी दोन्हीकडं फिमेल असलेला नल मोडेम अ‍ॅडॅप्टर लावा, तो आतून २ आणि ३ अदलाबदल करतो. १२ मीटरची काळजी नको, ९६०० ला १५ मीटरपर्यंत केबल आरामात चालते.

विश्रामबागकर:
साहेब मानलं तुम्हाला!! दोन्हीकडं ३ नंबरवरच मायनस आला. अ‍ॅडॅप्टर लावला, नुसतं एंटर मारलं आणि प्रोजेक्टरकडून उत्तर म्हणून कोलन आला. पी-डब्ल्यू-आर प्रश्नचिन्ह टाकलं तर बरोबर ०१, म्हणजे चालू, आलं. फक्त रिमोटनं बंद केल्यावर परत सिरियलवरून चालू होत नाही, तेव्हा कोलनपण येत नाही. आणि रास्पबेरी पाय थेट जोडला तर चालेल ना?

कुपवाड_मेंटेनन्स:
थेट अजिबात जोडू नका, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि इथं प्लस-मायनस दोन्हीकडं त्याच्यापेक्षा जास्त व्होल्ट येतात, पाय जळेल. आत्ताचा यूएसबी कन्व्हर्टरच पायला लावा, नाहीतर मध्ये व्होल्ट जुळवणारं मॅक्स-३२३२ चं बोर्ड घाला.

सातारकर_ऑडिओ:
बंद असताना उत्तर येत नसेल तर प्रोजेक्टरच्या मेनूत स्टँडबाय मोड शोधा, बऱ्याच मॉडेलला तिथं कम्युनिकेशन ऑन असा पर्याय असतो, तो निवडल्याशिवाय बंद असताना सिरियल झोपलेलं राहतं. स्क्रिप्ट लिहिताना एक लक्षात ठेवा, चालू करायची कमांड दिल्यावर कोलन प्रोजेक्टर गरम होऊन झाल्यावर येतो, तोपर्यंत स्क्रिप्टनं थांबायचं, नाहीतर पुढची इनपुटची कमांड वाया जाते. रिसीव्हरलाही चालू केल्यावर पुढची कमांड निदान एक सेकंदानं द्या. आईंना एकच बटण द्यायचं असेल तर हे थांबणं फार महत्त्वाचं, नाहीतर कधी चित्र येईल कधी नुसता आवाज आणि त्यांचा त्या बटणावरचा विश्वासच उडेल.

कुपवाड_मेंटेनन्स:
अजून एक, वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की ती लांब केबल प्रोजेक्टरच्या बाजूनं काढून ठेवत जा. केबल काढताना-लावताना दोन्ही मशीन बंद, आणि दोन्हीचं अर्थिंग एकाच बोर्डावरून आलेलं असलं तर उत्तम. आमच्याकडं मशीनच्या पोर्टची चिप जाते ती जास्त करून ह्याच दिवसांत.